आऊटरीचला गेलो आणि चहा नाकारला

रविवारी उपासना सुटल्यावर चर्चबाहेर उभे होतो, तरुण संघाची नवीन पोरं यंदाच्या आऊटरीचचं, म्हणजे चर्चबाहेरच्या वस्तीत जाऊन सेवा करायच्या कार्यक्रमाचं, प्लॅनिंग करत होती, टी-शर्ट कुठल्या कलरचे, बॅनर केवढा, स्पीकर कोणाकडनं आणायचा, आणि मला चिपळूण आठवलं. तिथे काही बोललो नाही, आमच्यात मोठं माणूस बोलायला लागलं की पोरं मोबाईल काढतात, म्हणून इथे लिहितोय.

२०२१ चा जुलै. २२ तारखेला वाशिष्ठीचं पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरलं ते व्हिडिओ सगळ्यांनी बघितलेत. आम्ही सात-आठ जण वेंगुर्ल्यातनं टेम्पो घेऊन चार-पाच दिवसांनी पोचलो. तांदूळ, डाळ, चादरी, फिनाईल, फावडी, झाडू. आणि हो, बॅनर. बॅनरची आयडिया माझीच.

लांबून वाटतं पाणी ओसरलं की संपलं. पण तो चिखल साधा नसतो हो, लोण्यासारखा असतो, फावड्यावर येतो आणि तिथेच चिकटून बसतो, वर भिजलेल्या धान्याचा आंबूस वास, की नंतर दोन दिवस जेवण जात नाही. एका घरात आम्ही सकाळभर तो उपसला. घरात एक आजी आणि त्यांची सून, वाचलेली भांडी धुऊन अंगणात फळीवर ओळीने मांडलेली. निघताना आजी म्हणाल्या, "चा पिल्याबिगर जायचं नाय." आणि मी म्हटलं, "नको आजी, आम्ही सेवा करायला आलोय, घ्यायला नाही."

केवढं भारी वाक्य! मला तेव्हा तसंच वाटलेलं. आजींनी आग्रह केला नाही, फळीवरचे कप काढले होते ते एकेक करून परत ठेवायला लागल्या. आमच्यातल्या एका पोराच्या ते लक्षात आलं, तो म्हणाला "मला द्या हो आजी, मला चहाशिवाय होत नाही" आणि पायरीवर बसला. कोरा चहा, दूध कुठनं असणार त्या दिवसांत. त्या पण शेजारी बसल्या आणि मग रात्री पाणी कसं चढलं ते सगळं त्यांनी सांगितलं, त्याला. मी बाहेर बॅनर गुंडाळत होतो.

पुढे कधीतरी बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानाचा १० वा अध्याय वाचताना हे परत डोक्यात आलं. येशू सत्तर जणांना (काही बायबलांत बहात्तर) दोघं दोघं करून गावोगाव पाठवतो आणि सोबत सामान काय, तर काहीच नाही, थैली नको, झोळी नको, पायात जोडे पण नको. संडे स्कूलपासून ऐकतोय, मला वाटायचं साधं राहा एवढंच सांगतोय. पण थैलीच नसेल तर माणूस रात्री जेवणार कुठे? कोणाच्या तरी दारातच ना. पुढे सांगतोच की, ज्या घरात घेतील तिथेच राहा, वाढतील ते खा, घरं बदलत फिरू नका. म्हणजे जाणाऱ्यालाच गरजू करून पाठवलंय! आणि योहानाच्या शुभवर्तमानाच्या ४ थ्या अध्यायात तर येशू स्वतःच, विहिरीवर शोमरोनी बाई, जिच्या लोकांशी यहुदी व्यवहार ठेवत नाहीत, आणि हा पहिलं काय बोलतो तर मला प्यायला दे. कोणी कोणाकडचं पाणी प्यायचं नाही म्हंजे काय ते आपल्या आज्या-पणज्यांना पक्कं ठाऊक होतं, आपल्यालाच विसरायला झालंय.

आमच्या वेंगुर्ल्याचं सेंट ल्यूक्स हॉस्पिटल त्याच लूकच्या नावाचं, तो वैद्य होता म्हणून. तिथले अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनचे डॉ. गोहीन, त्यांचा मुलगा रॉबर्ट १९१९ ला इथेच जन्मला, पुढे प्रिन्स्टन युनिव्हर्सिटीचा प्रेसिडेंट आणि १९७७ मध्ये भारतात अमेरिकेचा राजदूत झाला. हे आम्ही पाहुण्यांना कॉलर ताठ करून सांगतो. मला मात्र त्या बाळंतपणाचं जास्त वाटतं, तान्हं मूल घेऊन वेंगुर्ल्यात राहायचं म्हणजे दूध, पाणी, मासळी, चार शहाण्या बायकांचा सल्ला, सगळं इथल्या माणसांकडूनच लागलं असणार. मिशनवाल्यांचे बंगले वेगळे, कंपाऊंड वेगळं, ते पण होतंच, सगळं गोड गोड नव्हतं. पण ती माणसं संध्याकाळच्या टेम्पोने परत जाणारी नव्हती.

आणि ख्रिस्ती झालेले मराठी कवी रेव्हरंड ना. वा. टिळक तर आपल्याच रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावचे. १८९५ ला बाप्तिस्मा घेतला, पण तुकारामाच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो असं सांगायचे. अभंग, कीर्तन सगळं सोबत घेऊन आले. आज आपण उपासनेत टाळ वाजवतो तो पण भिंतीबाहेरूनच आत आलाय की.

चर्चवाले काही वाटायला लागले की लोक संशयाने बघतात, बदल्यात काय मागणार म्हणून. हल्ली जरा जास्तच. त्यात राजकारण आहे हे खरं, पण जो नुसता देतो आणि काहीच घेत नाही त्याची मला पण भीती वाटेल.

तर पोरं यंदा किनाऱ्यावरच्या एका मच्छीमार वाडीत चाललीत, मेडिकल कॅम्प आणि मुलांसाठी गाणी. टी-शर्ट, बॅनर काय ते करा बाबांनो. फक्त यादीत चाळीस पॅक लंच लिहिलेत, दुपारी टेम्पोच्या सावलीत बसून खायला, तेवढी ऑर्डर कॅन्सल करा असं मी बुधवारच्या मीटिंगला सांगणार आहे. वाडीत दोन दिवस आधी जाऊन मी स्वतः विचारून येतो, दुपारचं आमचं जेवण तुमच्याकडे होईल का. तांदूळ देऊ का विचारलं तर चालेल ना, की तो पण आगाऊपणा होईल, हे अजून ठरत नाहीये.