आल्याची बिअर बाटलीत भरताना

मामेभावाने कोरेगावहून पिशवीभर ताजं आलं आणून दिलं, मातीसकट. साताऱ्यात आल्याला तोटा नाही, पण शेतातून थेट आलेल्या कुड्यांचा वास वेगळाच असतो. आल्याची बिअर करून बघायचं कधीपासून मनात होतंच. नाव बिअरचं असलं तरी यात माल्ट (मोड आणून वाळवलेलं धान्य) नाही, हॉप्स (बिअरला कडवटपणा देणारी फुलं) नाहीत. आलं, गूळ, लिंबू आणि पाणी, बस्स. खरी बिअर घरी करायला आपल्याकडे परवाना लागतो, त्या वाटेला मी गेले नाही.

आधी विरजण केलं. किसलेलं आलं सालीसकट, कारण यीस्ट सालीवरच असतं. त्यात साखर आणि उकळून गार केलेलं पाणी. रोज चमचाभर आलं आणि चमचाभर साखर घालत गेले. एप्रिलचा उन्हाळा, त्यामुळे चौथ्या दिवशीच बरणी फसफसायला लागली. मग पाच लिटर पाण्यात पाव किलो आलं आणि अर्धा किलो गूळ उकळला, पार गार केला, लिंबू पिळलं, विरजण गाळून ओतलं आणि पातेल्यावर फडकं बांधलं. इथवर काहीच अवघड नव्हतं.

खरं काम बाटलीत भरण्याचं. बिअरवाल्यांचा हिशेब मी वाचला होता: भरताना लिटरला सातेक ग्रॅम साखर घालायची, म्हणजे बाटलीत फेस धरतो. मी दुसऱ्या दिवशी तसंच केलं. सरबताच्या चौकोनी काचेच्या बाटल्या घेतल्या, झाकणं घट्ट पिळली आणि ओट्याखाली ठेवल्या. तिसऱ्या रात्री दोनच्या सुमारास धाडकन आवाज झाला. एका बाटलीच्या काचा पार देवघरापर्यंत उडाल्या होत्या. त्या वेळी तिथे कोणी नव्हतं, ही देवाची कृपा. उरलेल्या बाटल्यांवर नवऱ्याने ओलं गोणपाट टाकलं, जाड हातमोजे घातले आणि एकेक झाकण अगदी हळूहळू सैल केलं. सासूबाई दारातूनच म्हणाल्या, “अगं, गुळाचं पाणी कोंडून ठेवलंस, दुसरं काय होणार?”

त्यांचं बरोबरच होतं. चूक कुठे झाली ते मी दुसऱ्या दिवशी कागदावर मांडलं. बिअरमध्ये यीस्ट आधी माल्टची आंबण्यासारखी सगळी साखर खाऊन संपवतं. तिथे बाटलीत फक्त मोजून घातलेली साखर उरते, म्हणून सात ग्रॅमचा हिशेब जमतो. माझ्या पातेल्यात लिटरला शंभर ग्रॅम गूळ होता आणि दोन दिवसांत त्यातला थोडाच आंबला होता. लिटरमागे चार ग्रॅम साखर आंबली की साधारण लिटरभर वायू तयार होतो. सत्तर ग्रॅम उरली असं धरलं तरी सतरा-अठरा लिटर वायू त्या लिटरभराच्या बाटलीत कोंडणार. त्यावर मी आणखी साखर घातली होती! शिवाय चौकोनी बाटलीच्या कोपऱ्यांवर दाबाचा ताण जास्त येतो, आणि सरबताच्या बाटलीची काच दाब सोसायला केलेलीच नसते.

आठवडी बाजारात गोटी सोड्याच्या बाटल्या दिसल्या, तेव्हा त्या घ्याव्यात असं वाटलं होतं. हायरम कॉड या इंग्रजाने 1872 च्या सुमारास केलेली ती रचना मला फार आवडते. पण गोटी आतल्या दाबाने रबराच्या कड्यावर बसते, त्यामुळे बाटली दाबाखाली, उलटी धरून भरावी लागते. आमच्या पेयात सुरुवातीला दाबच नसतो, म्हणून ती चालली नाही.

दुसऱ्या खेपेला जाड काचेच्या, तारेच्या खटक्याच्या सहा बाटल्या घेतल्या. घासून कोमट पाण्यात ठेवल्या आणि पाणी हळूहळू तापवलं, कारण गार काच एकदम उकळत्या पाण्यात टाकली तर तडकते. नळी पातेल्याच्या तळापासून थोडी वर धरली, गाळ खालीच राहू दिला. गळ्याशी दोन बोटं जागा सोडली. वरून साखर घातली नाही. आणि सातवी बाटली मुद्दाम कोल्ड्रिंकची रिकामी प्लास्टिकची घेतली, तीही त्याच वेळी भरली.

ती प्लास्टिकची बाटली दिवसातून तीनदा दाबून बघायची. पहिल्या दिवशी मऊ लागली, दुसऱ्या दिवशी सकाळी जरा ताठ, संध्याकाळी दगडासारखी. त्याच क्षणी सातही बाटल्या फ्रीजमध्ये टाकल्या. थंडीत यीस्ट मंदावतं आणि वायू पेयात जास्त मुरतो. पण ते पूर्ण थांबत नाही, म्हणून आठवड्याच्या आत संपवायचं ठरवलं.

रविवारी दुपारी पहिली बाटली मोरीत, फडक्यात गुंडाळून उघडली. फट्ट! फेस गळ्यापर्यंत आला आणि तिथेच थांबला. थोडा अल्कोहोल होतोच, म्हणून मुलांना दिलं नाही, त्यांच्यासाठी लिंबू सरबत केलं. सासूबाईंनी अर्धा पेला घेतला, आल्याचा झणका नाकात गेला तशा डोळे मिटून बसल्या आणि पेला पुन्हा पुढे केला.