यू नसलेला क्यू

स्क्रॅबल म्हणजे अक्षरांच्या टाइल बोर्डावर जुळवून इंग्रजी शब्द मांडण्याचा खेळ. तो खेळताना क्यू हाती आला आणि यू मात्र मिळाला नाही, तर काय करायचे, आणि त्यासाठीचे ते चमत्कारिक दिसणारे छोटे शब्द मुलांना अर्थासह का शिकवता, असे ठाण्याच्या नौपाड्यातल्या माझ्या इंग्रजीच्या वर्गाला येणाऱ्या मुलांचे पालक मला वरचेवर विचारतात. तुम्हीही विचारलेत, म्हणून एकदा सविस्तर लिहिते.

आधी खेळाचे गणित. शंभर टाइलांमध्ये क्यू एकच असतो आणि त्याचे गुण दहा. यू चार असतात, दोन टाइल कोऱ्या असतात, त्या कोणत्याही अक्षराच्या जागी चालतात. चारही यू बोर्डावर लागून गेले, कोरी टाइलही हाती नाही आणि क्यू तसाच राहिला, तर डाव संपताना तुमचे दहा गुण वजा होतात आणि ज्याने आपल्या सगळ्या टाइल संपवल्या त्याच्या गुणांत तेच दहा मिळवले जातात. म्हणजे एका अक्षरापायी वीस गुणांचे अंतर पडते, आणि अटीतटीचा डाव तेवढ्यावर जातो.

क्यूच्या मागे यू हवाच, ही समजूत शाळेत पक्की होते. पण तो अक्षराचा स्वभाव नव्हे, ती लॅटिनची लेखनपद्धत आहे. जुन्या इंग्रजीत राणीसाठीचा शब्द सी आणि डब्ल्यू या अक्षरांनी सुरू होत असे. 1066 नंतर नॉर्मन राजवटीत फ्रेंच वळणाचे लेखनिक आले आणि त्यांनी तिथे क्यू-यू ही जोडी रुजवली. क्यूचे मूळ मात्र फिनिशियन लिपीत आहे. हिब्रूमधले कोफ आणि अरबीतले काफ ही त्याचीच भावंडे, आणि त्यांना यूची गरज कधीच नव्हती. कोफ हे अक्षराचे नावसुद्धा क्यू, ओ, पी, एच असे लिहून खेळात चालते.

सर्वांत लहान शब्द क्यू-आय. चिनी विचारात शरीरात वाहणारी प्राणशक्ती असा त्याचा अर्थ आणि उच्चार ‘ची’, कारण चिनी भाषा रोमन लिपीत लिहिण्याच्या आजच्या पद्धतीत क्यू हे अक्षर ‘च’च्या जवळच्या ध्वनीसाठी वापरतात. साध्या घरांवर याचे अकरा गुण होतात, पण अक्षराचे गुण तिप्पट करणाऱ्या घरावर क्यू ठेवून तो आडवा आणि उभा असा दोन्हीकडे जुळवला, तर एका खेळीत बासष्ट गुण मिळतात.

माझा खरा जीव आहे तो पुढच्या शब्दांत. शनिवारी दुपारी वर्ग संपल्यावर आम्ही डाव मांडतो. एकदा आठवीतली एक मुलगी क्यूची टाइल अंगठ्याने रॅकवर मागेपुढे सरकवत बसली होती. बोर्डावर चारही यू दिसत होते आणि तिच्यापुढे क्यू, ए, डी, आय, आर, टी, एन ही अक्षरे होती. मी तिला एवढेच विचारले, “निकाह कोण लावतो गं?” ती पटकन म्हणाली, “काजी.” मग थोडे थांबून तिने विचारले, “पण बाई, माझ्याकडे जे नाही, डी आहे.” तिच्या त्या ‘पण’मध्येच सगळे उत्तर होते. अरबीतल्या एका व्यंजनाचा उच्चार ‘द’ किंवा ‘ड’च्या जवळ जातो, फारसीत त्याचा ‘झ’ झाला. आपल्याकडे तो शब्द फारसीतून आला म्हणून आपण काजी म्हणतो, इंग्रजीने अरबी रूप घेतले म्हणून तिथे डी आला. रमदान आणि रमजान यांत हाच फरक आहे. तिने क्यू, ए, डी, आय मांडले, चौदा गुण घेतले, आणि तो शब्द ती विसरेल असे मला वाटत नाही.

त्याच चार अक्षरांची अदलाबदल केली की क्यू, ए, आय, डी होते. त्याचा अर्थ नायक, पुढारी; ‘कायदे-आझम’मधला पहिला शब्द हाच. मराठी मुलांना तो हमखास कैद किंवा कायदा वाटतो. ऐकायला तिन्ही जवळचे असले, तरी अरबीत तिघांचे धातू वेगवेगळे आहेत, हे मी फळ्यावर लिहून दाखवते.

फकीर, तलाक, बुरखा, नकाब हे पाच अक्षरांचे शब्दही क्यूने लिहिता येतात. कॉलिन्स या कोशाच्या, अमेरिकेबाहेर बहुतेक ठिकाणी प्रमाण मानल्या जाणाऱ्या स्क्रॅबलच्या शब्दयादीत तर कोर्मा, कव्वाली, इन्किलाब आणि आपला मुकादमसुद्धा आहे. रोज सकाळी सफाई कामगारांची हजेरी घेणारा मुकादम इंग्रजी कोशात सापडला, तेव्हा मला झालेला आनंद अजून ओसरलेला नाही. मात्र एक सावधगिरी हवी. मराठीने हे सगळे ध्वनी एकाच ‘क’मध्ये सामावून घेतले, त्यामुळे मूळचा क्यू कुठे आणि के कुठे, हे आपल्या कानाला कळत नाही. कलममधला क वेगळा, किताबमधला वेगळा. म्हणून केवळ ओळखीचा वाटतो एवढ्यावर शब्द मांडू नये. यादीत पाहिलेलाच मांडावा.

उरलेले थोडक्यात सांगते. क्यू, ए, टी म्हणजे येमेन आणि इथिओपियात ज्याची पाने तरतरीसाठी चघळतात ते झुडूप. यू, एम, आय, ए, क्यू म्हणजे उत्तर ध्रुवाकडच्या इनुइट लोकांची कातड्याची उघडी होडी. टी, आर, ए, एन, क्यू हा मात्र गुंगीच्या औषधाच्या लांब इंग्रजी नावाचा तुकडा, नेमका यूच्या आधी तोडलेला. आणि क्यू, ए, एन, ए, टी म्हणजे इराणातले भूमिगत पाट, डोंगराच्या पोटातले पाणी उताराने गावापर्यंत आणणारे. मलिक अंबराने सतराव्या शतकाच्या आरंभी औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, बांधलेली नहर-ए-अंबरी याच जातीची.

या शेवटच्या शब्दावरून ठाण्यातल्याच एका आंतरशालेय स्पर्धेत माझ्या एका विद्यार्थ्यावर अन्याय झाला. पंचांच्या खिशातल्या छोट्या कोशात तो नव्हता, म्हणून त्यांनी टाइल उचलायला लावल्या. मुलाने नहरीचा अर्थ, उतार, मधल्या विहिरी, सगळे नीट सांगितले. तरी खेळी बाद झाली. अमेरिकेतली यादी आणि कॉलिन्सची यादी यांतही फरक आहेच, तेव्हा कोणती यादी प्रमाण हे पहिली टाइल पिशवीतून काढण्याआधी ठरवून घ्यावे, हे मी तेव्हापासून प्रत्येक पालकाला सांगते.

आणि यातला एकही शब्द जुळत नसेल, तर क्यू फार काळ जवळ ठेवू नये. पिशवीत किमान सात टाइल असेपर्यंतच बदलून घेता येते. त्यासाठी एक पाळी खर्ची पडते, ती पडू द्यावी.