इन्व्हेन्शन क्रमांक 1: सातव्या बारमधला डावा हात

पियानोच्या रियाजाचा आठवडा 11. या वेळी माझ्या रियाजाबद्दल थोडंच, कारण रविवार वहिनींच्या बाखमध्ये गेला.

वहिनी नेरुळला राहतात. दोन वर्षांपूर्वी त्यांनी डिजिटल पियानो घेतला आणि सध्या जर्मन संगीतकार बाखचं सी मेजरमधलं पहिलं इन्व्हेन्शन बसवताहेत. इन्व्हेन्शन म्हणजे दोन आवाजांची छोटी रचना; दोन्ही हात बरोबरीने बोलतात. बुधवारी सव्वा मिनिटाचं रेकॉर्डिंग आलं, सोबत निरोप: "भावजी, नुसतं छान म्हणू नका, कुठे अडतंय ते सांगा." चार वेळा ऐकलं. सूर बरोबर, 72 ची लय (मिनिटाला 72 ठोके) शेवटपर्यंत टिकलेली, आणि बाविसाव्या बारमधला (बार म्हणजे चार मात्रांचा तुकडा) शेवटचा कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारे सूर, किती शांतपणे ठेवला होता! तरी दोन्ही हात एकमेकांशी बोलताहेत असं वाटेना. एक गातोय, दुसरा मागून साथ देतोय, असं ऐकू येत होतं.

हे फोनवर समजावण्यासारखं नव्हतं. ठाण्याहून नेरुळ लोकल पकडली.

पहिल्या बारमध्ये उजवा हात "सा रे ग म रे ग सा प" म्हणतो आणि अर्ध्या बारनंतर डावा तेच खाली म्हणतो. सातव्या बारमध्ये उलट होतं: जी मेजरला पोचल्यावर (म्हणजे प ला सा मानून) डावा आधी बोलतो, उजवा मागून येतो. वहिनींचा उजवा तिथेही सवयीने वरचढ राहायचा. म्हटलं, "वहिनी, तुम्ही फक्त डावा वाजवा, उजवा मी गातो." मग अदलाबदल: त्यांनी उजवा वाजवत डावा गायला. तिसऱ्या खेपेला दोन्ही हात एकत्र घेतले, तेव्हा खालचा आवाज स्वच्छ वर आला आणि त्या वाजवता वाजवता थांबल्या. "हा इथे होता होय!"

या इन्व्हेन्शन्सच्या 1723 च्या प्रतीच्या सुरुवातीला बाखने स्वतःच लिहिलंय: दोन आवाज स्वच्छ वाजवायला शिकावं, आणि मुख्य म्हणजे कँटाबिले, गात असल्यासारखं वाजवावं.

बाकी दोनच गोष्टी सांगितल्या. पहिल्या बारमधल्या मॉर्डंटच्या (सुरावरची झटपट छोटी सजावट) आधी लय किंचित रेंगाळते, म्हणून आठवडाभर तो गाळून वाजवायचा. आणि सूर लांबवणाऱ्या सस्टेन पेडलवरचा पाय काढायचा. बाखच्या काळच्या हार्पसिकॉर्ड-क्लॅव्हिकॉर्ड या वाद्यांना ते नव्हतंच, आणि इथे सेमीक्वेव्हर (पाव मात्रेचे जलद सूर) एकमेकांत मिसळतात. मॉर्डंट सोडायला वहिनी नाखूश होत्या, पण कबूल झाल्या.

रात्री घरी येऊन माझंही रेकॉर्डिंग केलं. सातव्या बारमध्ये माझाही डावा दबलेलाच आहे. या आठवड्यात 60 च्या लयीत, डावा एकटा.