शिट्टी

जेमतेम गुडघाभर पाण्यात शिरले आणि किनाऱ्यावरच्या रक्षकाने शिट्टी फुंकली. मागे या!

थायलंडमधल्या फी फी बेटांची दिवसभराची बोटसफर. त्यातलं मुख्य आकर्षण माया बे, आणि तिथेच पोहायला बंदी. बोटही समोरून आत येत नाही, मागच्या बाजूला उतरून चालत यायचं. गर्दीने प्रवाळांची पार वाट लागली म्हणून २०१८ मध्ये किनारा बंद केला, तो उघडला थेट २०२२ मध्ये.

"एवढे पैसे भरून नुसते पाय धुवायचे?" शेजारचे काका कुरकुरले. मलाही तेच वाटत होतं, खोटं कशाला बोलू.

तेवढ्यात चार हातांवरून काहीतरी सर्रकन गेलं. पंखाचं टोक काळं, शाईत बुडवल्यासारखं. शार्कचं पिल्लू!

आई मालवणची. टोपी सावरत म्हणाली, "गो, ही तर आपली मोरी!" मग हळूच, "मटण झकास होईल."

परतीच्या बोटीत मात्र बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "पावसात आपल्याकडे होड्या वर ओढून ठेवायचे ना, नारळी पौर्णिमेपर्यंत. तसंच हे."

"पण तेव्हा शिट्टी कोण फुंकायचं?"

"शिट्टी कशाला? दर्या काय कमी ओरडतो पावसात?"