वडशाहून सिरियलच्या सेटपर्यंत, माझा अनुभव

गावाकडचे पोरंपोरी मला सारखे विचारतात, ताई सिरियलमध्ये कसं जायचं, ओळख लागते का, पैसे द्यावे लागतात का. दरवेळी फोनवर तेच तेच सांगण्यापेक्षा एकदा नीट लिहूनच टाकते. मी हिरोईन नाही हे आधीच सांगते, मी मराठी मालिकांमध्ये असिस्टंट डायरेक्टर म्हणून कंटिन्युटी बघते, म्हणजे एका शॉटमधले कपडे, वस्तू, हालचाली पुढच्या शॉटमध्ये तशाच आहेत ना ते, आणि आता थोडे संवादही लिहिते. गाव गडचिरोली जिल्ह्यात आरमोरी तालुक्यात, घरी धानाची शेती, या लाइनीत आमच्या खानदानात कोणीच नाही.

आपल्याकडे काहीच नाही, जे काही आहे ते मुंबईतच, हे पहिले डोक्यातून काढून टाका. आपल्याकडे झाडीपट्टी रंगभूमी आहे. दिवाळी झाली की मंडई म्हणजे गावच्या जत्रा आणि शंकरपट म्हणजे बैलांच्या शर्यती सुरू होतात आणि मग पार होळीपर्यंत गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदियात रोज रात्री कुठे ना कुठे नाटक असतेच, ते पण तिकीट लावून आणि रात्रभर, पहाटेपर्यंत लोक थंडीत ब्लँकेट गुंडाळून बसतात. नाटक कंपन्यांची ऑफिसं बहुतेक वडशाला, म्हणजे आमच्या जिल्ह्यातल्या देसाईगंजला. झाडीपट्टीचे नट परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाला तो याच रंगभूमीच्या कामासाठी, म्हणून हे काही टाइमपास काम नाही, आणि तुम्ही यात कुठलंही काम केलं असेल, लाइटचं, ऑर्गनचं, मेकअपचं, तर ते शिक्षणच आहे, ते सांगताना लाजू नका.

मी बी.ए. करताना एका कंपनीत प्रॉम्प्टर म्हणून लागले. नाटक रोज वेगळ्या गावाला, तालमी कमी, त्यामुळे विंगेत बसून वाक्य देणाऱ्यावर खूप भार असतो. कोण कुठे अडकतो, कोणाला नुसता पहिला शब्द पुरतो आणि कोणाला अख्खं वाक्य द्यावं लागते, हे मी वहीच्या समासात पेन्सिलीनं लिहून ठेवायची. मग हळूहळू त्यात बाकीचं पण यायला लागलं, तिसऱ्या अंकात बाईची साडी कोणती, चिठ्ठी कोणत्या हातात, लाइट गेली तर पुन्हा कुठून उचलायचं. सीझनला पुण्याहून एक ताई काम करायला आल्या होत्या, त्यांनी ती वही चाळली आणि म्हणाल्या, अगं हे तर आमच्याकडे कंटिन्युटीवाले करतात, याचे पैसे मिळतात. तोपर्यंत मला असं काही काम असते हेच माहीत नव्हतं, सिनेमा म्हणजे नट, नटी आणि डायरेक्टर एवढंच आपल्याला दिसते. त्यांनी एका चीफ एडीचा, म्हणजे मुख्य असिस्टंट डायरेक्टरचा नंबर दिला.

आता महत्त्वाचं, मेसेज कसा करायचा. "सर मला काम पाहिजे, काहीही चालेल" असा मेसेज त्या माणसाला दिवसातून कितीतरी येतात आणि त्याचं तो काहीच करू शकत नाही. मी तीन-चार ओळीच लिहिल्या, झाडीपट्टीत प्रॉम्प्टिंग केलं आहे, कंटिन्युटीचं काम शिकायचं आहे, युनिकोड मराठी टायपिंग येते, आणि खाली वहीच्या दोन पानांचे फोटो लावले. टायपिंग लिहिलं कारण सेटवर सीन देवनागरीत येतात, ऐनवेळी बदल टाइप करून द्यायला माणूस लागतोच. उत्तर लगेच नाही आलं, बरेच दिवसांनी एक नवीन मालिका सुरू होत होती तेव्हा फोन आला.

घरी बाबा म्हणाले, "काहून जाऊन रायली एवढ्या दूर, बी.एड. करून टाक ना." आई म्हणाली, "जाऊ द्या तिले, पाहून येऊ द्या." मग धान निघेपर्यंत खर्च आम्ही बघतो, पुढे तुझं तू बघ, असं ठरलं. हे असं वेळ आणि पैसा आधीच ठरवून निघणं फार बरं पडते, कारण टीव्हीमध्ये पैसे साधारण ९० दिवसांनी येतात. महिनाभर काम, महिन्याच्या शेवटी बिल, त्यानंतर ९० दिवस, म्हणजे पहिली रक्कम हातात यायला चार महिने धरूनच चला. वर रूमचं डिपॉझिट. मी मिरा रोडला तीन मुलींसोबत राहिले, कारण बऱ्याच मालिकांचे सेट मढ, ठाणे घोडबंदर, नायगाव या पट्ट्यात आहेत. दादरला राहून रोज तिकडे जायचं म्हणजे अर्धा जीव प्रवासातच जातो.

काम काय ते एका सीनवरून सांगते. जेवणाच्या टेबलचा सीन म्हटला की आमच्या पोटात गोळाच येतो. सहा माणसं बसलेली, आधी मास्टर लागतो म्हणजे सगळे एका फ्रेममध्ये, मग एकेकाच्या खांद्यावरून सजेशन, मग क्लोज म्हणजे नुसता चेहरा, आणि तोच सीन दर वेळी पहिल्यापासून. सासूनं "मला विचारलं का कोणी" मधल्या "विचारलं"वर घास उचलला असेल तर क्लोजमध्ये पण तिथेच उचलायचा, ग्लासात पाणी तेवढंच, वाटीतली भाजी तेवढीच, मंगळसूत्र पदराच्या वर की आत, केस कानामागे की पुढे. प्रत्येक कटला मी फोटो काढते आणि सीन नंबर टाकून ठेवते. त्यात परत शूटिंग एपिसोडच्या क्रमानं होत नाही, एका घरातले पुढच्या आठवड्याचे सीन पण त्याच दिवशी उरकून घेतात, म्हणून सोमवारी रडत आत गेलेली बाई चार दिवसांनी त्याच प्रसंगात दाराबाहेर दाखवताना तीच टिकली पाहिजे. शिफ्ट १२ तासांची, बऱ्याचदा वाढते. मला हे काम मनापासून आवडते, कारण लेखक, कॅमेरा, एडिट सगळं जिथे येऊन मिळते तिथे तुम्ही बसलेले असता आणि न विचारता शिकायला मिळते.

लिहायचं ज्यांना आहे त्यांच्यासाठी, मालिकेत कथा, पटकथा आणि संवाद ही तीन वेगळी कामं असतात, तिघांची नावं वेगळी, पैसे वेगळे. नवीन माणसाला शक्यतो संवादाकडूनच शिरता येते, तेही एखाद्या सिनियर लेखकाच्या हाताखाली. गुरुवारी रेटिंग येते, ते पडलं की गोष्टीचा ट्रॅक बदलतो आणि काल लिहिलेला सीन आज रद्द होतो, तेव्हा रातोरात परत लिहून देण्याची तयारी ठेवा. मला पहिला सीन असाच मिळाला, लेखक प्रवासात होते, सेटवर बदल पाहिजे होता, मी दोन पानं टाइप करून त्यांना पाठवली, त्यांनी थोडं छाटलं आणि तेच शूट झालं. झाडीपट्टीत प्रेक्षक कुठल्या वाक्याला शिट्टी मारतात आणि कुठे बाहेर चहाला जातात हे डोळ्यानं पाहिलेलं असते ना, ते इथे फार कामी येते.

स्वतःची गोष्ट कोणाला ऐकवण्याआधी ती पूर्ण लिहा. नुसत्या कल्पनेवर कॉपीराइट नसतो, लिहिलेल्या मजकुरावर असतो, १९५७ च्या कायद्यात तसंच आहे. स्क्रीनरायटर्स असोसिएशनची मेंबरशिप आणि स्क्रिप्टचं रजिस्ट्रेशन दोन्ही ऑनलाइन होते, गावात नेट असेल तर मुंबईला जायचीही गरज नाही. मग गोष्ट मेलवर पाठवा, फोनवर ऐकवली तर नंतर मेल टाका की आज अमुक गोष्ट ऐकवली. करार आला तर सही करायच्या आधी नाव कुठे आणि कसं येणार, पैसे कोणत्या टप्प्याला, मधेच काढलं तर काय, हे तीन मुद्दे बघाच. २०१२ च्या दुरुस्तीनंतर लेखकाचा रॉयल्टीचा हक्क करारातही काढून घेता येत नाही, हे बऱ्याच नवीन लोकांना माहीतच नसते.

एका निर्मिती संस्थेकडे माझे पैसे अडकले होते, फोन केले की पुढच्या आठवड्यात, पुढच्या आठवड्यात. माझ्याकडे प्रत्येक दिवसाची कॉलशीट, म्हणजे त्या दिवशी कोणाला किती वाजता कुठे बोलावलं तो कागद, आणि बिलाचे मेल होते, ते सगळे एकत्र लावून अकाउंट्सला आणि वरच्या लोकांना पाठवले तेव्हा कुठे निघाले. म्हणून कॉलशीट कधीच डिलीट करू नका. आणि बिलातून १० टक्के टीडीएस, म्हणजे आयकर आधीच कापतात, तो आपलाच पैसा आहे. पॅन दिलेलं असेल तर कापलेला पैसा आयकर खात्याच्या साइटवर आपल्या नावावर दिसतो, आणि उत्पन्न कमी असेल तर रिटर्न भरून परत मिळतो. आमच्यातले कितीतरी मुलं तो तसाच सोडून देतात याचं मला खरंच वाईट वाटते.

कास्टिंगच्या नावानं कोणी कलाकाराचं कार्ड काढायचे, पोर्टफोलिओचे, "रोल फिक्स" करायचे पैसे मागितले तर तिथेच थांबा, खरं कास्टिंग करणारा नटाकडून पैसे घेत नाही. मुलींनी एक माहीत ठेवा, १० किंवा जास्त लोक काम करतात तिथे २०१३ च्या कायद्यानं तक्रारीसाठी अंतर्गत समिती असावीच लागते, सेटवर पहिल्याच दिवशी विचारून घ्या की समितीत कोण आहे. रात्री पॅकअप झाला की घरी सोडायला गाडी आहे का हे पण काम घ्यायच्या आधीच बोलून घ्या, मी आजही घेते, कोणाला त्यात वावगं वाटत नाही.

ज्यांना रीतसर शिकायचं आहे आणि पदवी झाली आहे त्यांनी पुण्याच्या एफटीआयआय या सरकारी फिल्म संस्थेची प्रवेश परीक्षा द्या, कोलकात्याला सत्यजित राय यांच्या नावाची सरकारी संस्था आहे ती पण बघा. एफटीआयआय छोटे कोर्स पण घेते. खाजगी अॅकॅडमीला लाखानं फी भरायच्या आधी ही वाट बघून घ्या, शेत गहाण ठेवायची तर अजिबात गरज नाही.

आणि ज्यांना आत्ता घर सोडता येत नाही त्यांनी यंदाच्या सीझनच्या तालमी सुरू व्हायच्या आधी वडशाला एक चक्कर मारा, कंपन्यांना प्रॉम्प्टर आणि बॅकस्टेजचे पोरंपोरी लागतातच, विचारायला काही पैसे पडत नाहीत.