मोटोरोच्या टाकीत वाळू: अखेर तळ भरला

सहा महिने उघड्या काचेवर, म्हणजे तळाला वाळू न घालता काढले. टाकी 6 बाय 3 फुटांची, उंची 2 फूट, आत एकच मोटोरो नर. मोटोरो म्हणजे गोड्या पाण्यातला स्टिंगरे (रे), वाळूत अंग पुरून बसणारा चपटा मासा. याची डिस्क, म्हणजे गोल चपटं अंग, साधारण 10 इंच. उघडा तळ का, ते रे पाळणाऱ्यांना सांगायला नको. हा गडी जेवढं खातो तेवढीच घाण करतो, आणि काचेवरची घाण सायफनने पाच मिनिटांत निघते. तक्रारीला जागा नव्हती. पण रोज संध्याकाळी तो एका कोपऱ्यात जाऊन कडा फडफडवायचा. पांघरूण ओढल्यासारखा, आणि अंगावर काहीच नाही. ते बघवेना.

वाळूची निवड

नदीची वाळू आता सहजी मिळत नाही, दुकानदार क्रश सँडच पुढे करतो. ती म्हणजे फोडलेला काळा दगड. मनगटाच्या आतल्या बाजूला ओली चिमूट ठेवून दहा वेळा घासली, लाल रेघा उठल्या. मोटोरोचं तोंड पोटाखाली, कल्ल्यांच्या पाच जोड्या फटीही पोटाखालीच. जेवताना वाळूही तोंडात जाते आणि कल्ल्यांतून बाहेर येते. माझ्या मनगटाला जे सोसत नाही ते त्याला कसं सोसेल? क्रश सँड बाद.

एका मित्राने गुहागरच्या किनाऱ्यावरची मूठभर आणून दिली. हाताला रेशमासारखी. वाटीत घेऊन वर पांढरं व्हिनेगर ओतलं तर फसफसून वर आली. शिंपल्यांचा चुरा, म्हणजे चुनाच. आज ना उद्या पाणी जड होणार आणि पीएच चढणार, आणि मोटोरो हा दक्षिण अमेरिकेतल्या मऊ पाण्याच्या नद्यांचा प्राणी. तीही बाद. रंगीत खड्यांकडे मी वळलोच नाही, त्यांत हा अंग पुरणार तरी कसा.

शेवटी जलशुद्धीकरणाच्या आणि स्विमिंग पूलच्या फिल्टरमध्ये भरतात ती सिलिका वाळू घेतली, 16/30 मेशची, म्हणजे दाणा साधारण 0.6 ते 1.2 मिलिमीटर. सिलिका आपल्याकडे दुर्मीळ नाही, कासार्डे भागात तिच्या खाणीच आहेत. मात्र सिलिका म्हटली की दाणा गोलच असतो असं नाही, दगड दळून केलेलीही विकतात. मनगटाची परीक्षा इथेही घ्या. माझी पास झाली, व्हिनेगरमध्येही गप्प बसली.

किती लागली

72 बाय 36 इंचांचा तळ, थर दीड इंच, म्हणजे सुमारे 64 लिटर. कोरडी वाळू लिटरला 1.6 किलोच्या आसपास भरते. 50 किलोच्या दोन गोण्या बरोबर पुरल्या. एक इंचाच्या आत थर ठेवला तर अंग झाकत नाही, आणि दोनाच्या वर गेला की खाली हवा पोचत नाही, वाळू काळी पडून सडक्या अंड्यांचा वास सुटतो.

शनिवार-रविवार

गोणी उघडताना मास्क लावा, सिलिकाची धूळ फुप्फुसाला वाईट. मग पाच-पाच किलोच्या वीस बादल्या. तळाशी पाइप सोडायचा, हाताने ढवळायचं, वरचं दुधाळ पाणी ओतून द्यायचं. पाणी नितळ व्हायला प्रत्येक बादलीला सात-आठ धुण्या लागल्या. शेवटच्या तीन बादल्यांना मी कंटाळून चारच दिल्या. त्याची शिक्षा पुढे येते.

मोटोरोला टाकीच्याच पाण्याने भरलेल्या मोठ्या टबात हलवलं. जाळी वापरली नाही, शेपटीचा विषारी काटा तीत अडकतो. त्याला पाण्यासकट प्लास्टिकच्या घमेल्यात घेतला. कॅनिस्टरही (टाकीबाहेरचा डबाबंद फिल्टर) टबालाच जोडला, कारण घाणीतला अमोनिया पचवणारे बॅक्टेरिया त्याच्यात राहतात आणि फिल्टर तासन्‌तास बंद राहिला तर मरतात. टाकीचं पाणी निम्म्यावर आणून तीन इंची पीव्हीसी पाइपमधून ओली वाळू हळूहळू तळाशी सोडली आणि फुटक्या प्लास्टिकच्या पट्टीने सारखी केली.

तरी पाणी ताकासारखं झालं. त्या तीन बादल्या! संध्याकाळी कॅनिस्टर परत टाकीला जोडला आणि इनटेकवर, म्हणजे पाणी ओढणाऱ्या तोंडावर, स्पंज चढवायला विसरलो. रात्री घरघर सुरू. उघडून पाहिलं तर इम्पेलरच्या (पाणी ढकलणाऱ्या पंख्याच्या) खोबणीत वाळूचे दाणे. धुऊन बसवला, स्पंज चढवला. पाणी निवळेपर्यंत मंगळवार उजाडला, मग साहेबांना परत सोडलं. अमोनिया शून्य.

मंगळवार रात्र

पहिली वीस मिनिटं तो काचेलाच चिकटून फिरला. मग मधोमध उतरला आणि कडा दोनदा जोरात आपटल्या. वाळूचा ढग उठला आणि सावकाश त्याच्याच पाठीवर बसला. उरले फक्त दोन डोळे आणि त्यांच्यामागे उघडझाप करणारी दोन श्वासछिद्रं. आई बघायला आली. मालवणकडची ती, तिच्यासाठी हे पहिल्या दिवसापासून ‘पाकट’. म्हणाली, "गेला खंय?"

हाच प्रश्न आता मलाही रोज पडतो. उघड्या काचेवर तो कुठे आहे हे दिसायचं, बिनधास्त हात घालायचो. आता काट्यावर हात पडू नये म्हणून आधी डोळे शोधतो. सापडले नाहीत तर लांब पट्टीने कडेकडेची वाळू हलवतो, तो उठून सरकला की मगच सायफन. हीटरला जाळी होतीच, कारण हा त्याच्यावर पसरून पोट भाजून घेतो. मात्र वाळूने हीटरचं खालचं टोक बुजलंय. तो उद्या चार इंच वर सरकवायचाय.