स्पीकर पिशवीतच

बायकांच्या गटाला नैनितालजवळचं सातताल, पक्षी बघायचं जंगल, दाखवायचं तर आधी स्वच्छतागृहं कुठे कुठे आहेत ते पाठ हवं, पक्षी नंतर. नाहीतर बायका पहाटेपासून पाणीच पीत नाहीत आणि दहा वाजता डोकं धरून बसतात.

मार्चमध्ये पुण्याहून नेलेल्या गटात साठीच्या एक काकू होत्या. "मला दुर्बिणीतून कधी काही दिसलंच नाही गं," म्हणाल्या. गळ्यात यजमानांची १०×५०. उजव्या डोळ्याची चकती यजमानांच्या नंबरावर फिरवलेली, ती कुणी हलवलीच नव्हती. शिवाय बऱ्याच दुर्बिणींच्या दोन नळ्या ५६ मिलिमीटरहून जवळ येत नाहीत. डोळ्यांतलं अंतर त्याहून कमी असलं की दोन वर्तुळं काही एक होत नाहीत. दुकानदार हे सांगत नाहीत, आणि बाई समजते की आपल्यालाच जमत नाही. माझी लहान ८×३२ दुर्बीण त्यांच्या डोळ्यांना जुळवून दिली. समोर रेड-बिल्ड ब्लू मॅगपाय होता. "अगं, चोच लाल आहे!" एवढं मोठ्याने ओरडल्या की तो उडालाच.

मग ओढ्याकाठचा 'स्टुडिओ', म्हणजे पक्ष्यांचे फोटो काढायची तिथली ठरलेली जागा. सहाशे एमएमच्या लेन्स लावून पुरुषांची रांग आमच्याआधीच बसलेली. सरकून जागा द्यायची पद्धत तिथे नाही. आम्हाला हवा होता चेस्टनट-हेडेड टेसिया: मुठीएवढा पक्षी, शेपूट जवळजवळ नाहीच, ओलसर झुडपांच्या बुडाशी वावरणारा. आमच्या स्थानिक गाइडने सवयीने स्पीकर काढला. त्यावर टेसियाचाच रेकॉर्ड केलेला आवाज वाजवायचा. आपल्या हद्दीत दुसरा नर घुसला असं वाटून टेसिया बाहेर येतो.

काकूंनी विचारलं, "दिवसातून किती गट येतात?"

"सीझन में पाँच-छह."

"मग तो बिचारा पाच-सहा वेळा नसलेल्या शत्रूशी भांडायला येतो?"

या छंदात मुरलेल्या माणसांना हा प्रश्न पडेनासा होतो. मी स्पीकर ठेवायला सांगितला. दीड तास बसलो, टेसिया आला नाही. गटातल्या एकीची सगळी सहल या एका पक्ष्यासाठी होती. ती परतताना कुणाशी बोलली नाही. दुपारी गाइडला घेऊन ती एकटीच पुन्हा गेली, आणि रात्री ग्रुपवर टेसियाचा सुरेख फोटो आला. काकूंनीही त्यावर बदाम टाकला.

शेवटच्या दिवशी गाइडला घसघशीत टिप तिनेच दिली. बाकीच्यांनी हात आखडता घेतला. 'काही दाखवलंच नाही' हे कुणी बोललं नाही, पण पाकिटातून कळलं. तत्त्व माझं, भुर्दंड त्याला, हे मला अजून पटत नाही. आता त्याची दिवसाची मजुरी मी वाढवून धरते. सहलीचे पैसे वाढले म्हणून दोघी गळल्या.

परवा पुढच्या गटासाठी त्याचा फोन आला. "मॅडम, स्पीकर लाऊँ?"

"लाओ, लेकिन बैग में रहेगा."

तो हसला. "फिर बोझ क्यों उठाऊँ?"